बर्फातला हंस

मी एक जुना कुंचला आहे. माझे निम्मे केस गळले आहेत आणि उरलेल्यांत वाळलेला सफेदा घट्ट बसला आहे. मित्रांनो, मी आयुष्यभर नाटकांचे पडदे रंगवले. राजवाडे, अरण्ये, नद्या. त्यातला एकच पडदा मात्र माझ्या मनातून जात नाही.

माझे धनी गोवर्धन बोदलकशाच्या तलावाजवळ राहत. १९५३च्या थंडीत नाटक मंडळाचे प्रमुख उमरावजी त्यांना म्हणाले, "पुढच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाले हिमालयाचा पडदा पायजे, पेंटर. बर्फ दिसला पायजे!"

बर्फ आमच्या गावात कोणीच पाहिलेला नव्हता. मी ओढलेला पहिला बर्फ चुना फासलेल्या भिंतीसारखा दिसला. धन्यांनी तो पुसून टाकला.

त्याच आठवड्यात मासे धरणारी शांतीबाई पदरात एक रानहंस घेऊन आली. त्याच्या डोक्यावर दोन काळे पट्टे होते आणि पंखातून रक्त गळत होते.

"उमरावजीनं बंदूक झाडली. हा पाण्यात तडफडून राहिला होता," ती म्हणाली. "हे पाखरं हिमालयापल्याडून येतेत म्हणे. वाचव याले."

धन्यांच्या पत्नीने, शामकलाबाईंनी, हळद भरून पंख बांधला. धनी मात्र हंसाच्या छातीकडे पाहत राहिले. ती फिकट पिसे सावलीत निळसर दिसत, उन्हात पिवळट. त्यांनी सफेद्यात चिमूटभर नीळ कालवली, आणि माझ्या टोकाखाली पहिल्यांदा खरा बर्फ साचू लागला.

होळीच्या सुमारास हंसांचा थवा ओरडत आमच्या अंगणावरून उत्तरेला निघाला. खालून आमच्या हंसानेही साद घातली. तो धावला, त्याने पंख पसरले. पण डावा पंख अर्ध्यावरच अडला.

"काऊन थांबत नाई हे?" शामकलाबाई वर पाहून म्हणाल्या. "एकासाठी थांबाले काय जाते यांचं?"

धन्यांनी हंसाला उचलून सावलीत ठेवले.

मग ऊन तापले. पडद्यावर बर्फ वाढत गेला, आणि ओल्या पोत्यांच्या आडोशाला बसलेला हंस वाळत गेला. बर्फात उतरलेला थवा रंगवून झाला, त्या दिवशी धन्यांनी त्याला उचलून पडद्यासमोर ठेवले. मला वाटले, तो आपले घर ओळखेल. त्याने तिकडे पाहिलेही नाही. लटपटत तो माझ्या डब्याकडे आला आणि गढूळ पाण्यात त्याने चोच घातली.

"रंगाचं पाणी हाय रे ते!" धनी धावले. त्यांनी ताजे पाणी दिले. दोन घोट घेऊन तो बसला. सकाळी तो उठला नाही. मी डब्यात नुसता उभा होतो.

काही दिवसांनी उमरावजी पडदा पाहायला आले.

"वा! हा पुढचा हंस तर जित्ता वाटून राहिला. कोठं पायला?"

"तुमीच पाडला होता, मालक."

उमरावजींनी पडद्याला बोट लावून पाहिले. मग पडदा केव्हा वाळेल, एवढेच त्यांनी विचारले.

मंडईत पडद्याला टाळ्या मिळाल्या. हिवाळ्यात तलावावर पुन्हा बार ऐकू आले. प्रत्येक बाराला धन्यांचा हात थबके. मला सगळे कळे, पण मी काय करणार?

मित्रांनो, थंडीत तुमच्याही तलावावर दूरचे पाहुणे उतरतील. त्यांना कोणी दुखवत असेल, तर गप्प बसू नका. मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.