टोपण

निळ्या पेनाचं टोपण टक्कन बसलं – आणि मामांसमोर बसलेल्या त्याने पुढचं वाक्य अर्धवटच सोडलं. मामांनी पेन कागदांवर आडवं ठेवलं, खुर्चीत मागे रेलले आणि हसले. फर्मच्या या सर्वांत मोठ्या साहेबांना सगळे मामाच म्हणतात. बनतो मात्र समोरचा.

टोपणाची ही युक्ती त्याला मामांनीच शिकवलेली. दुसऱ्यांच्या कंपनीत सल्ला द्यायला गेलं की आधी पेन उघडं ठेवून विचारायचं ते विचारायचं, मग टोपण लावायचं आणि गप्प बसायचं. लिहिणं थांबलं की माणूस सैल होतो, शांतता त्याला सोसत नाही... त्या गोदामातल्या बाई, टोपण लागल्यावर किती मोकळेपणी म्हणाल्या होत्या, "खरं सांगू? दुपारनंतर मला तसं कामच नसतं." अहवालात ते एका ओळीत मावलं. पुढच्या खेपेला त्यांच्या टेबलाशी कुणी नव्हतं.

मग आज मामांनी टोपण का लावलं? लिहून संपलं असेल... की फर्ममधलीच माणसं कमी करणार ही कुजबुज खरी? आणि सगळं ठाऊक असून आपण बोललोच ना – "हल्ली फार दमायला होतं." दमायला! आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. मामा नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये काय होतं, ते तो घरी पोचेपर्यंत चाचपत राहिला.

बायको शाळेचे पेपर तपासत बसली होती. त्याचा चेहरा पाहून तिने लाल पेनाला टोपण लावलं.

"काय झालं रे?"

तो टोपणाकडे बघत राहिला. मामांची ही गंमत त्यानेच तिला कधीतरी हसत हसत सांगितली होती... छे, ती तशी नाही. पण तशी माणसं काय वेगळी दिसतात? मी तरी कुठे दिसतो – नाही, मी बोलणार नाही. आज एकदा बोललो तेवढं पुरे.

ती थांबली. बराच वेळ थांबली. मग पेपरांचा गठ्ठा उगाच सारखा करत म्हणाली, "खरं सांगू? हल्ली तुझ्याशी बोलायची भीती वाटते मला."

तिचा हात धरावा, नोकरी जाईल म्हणून मीच घाबरलोय असं सांगून टाकावं – अगदी त्याच्या ओठांवर आलं. पण आपण गप्प राहिलो की समोरच्याच्या पहिल्या वाक्यामागून दुसरं येतं, आणि खरं ते दुसरंच असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं... चेहरा मायेचा ठेवून तो तिच्याकडे बघत राहिला, गप्प.