समेट केल्याशिवाय बाप्तिस्मा नाही

आमच्या मंडळीत तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. मोठ्या माणसानं आपल्या तोंडानं साक्ष द्यायची, मंग नदीत पुरं बुडायचं. त्याच्याही आधी एक नेम. कोणाशी वैर असन तं समेट करून यायचं, नाहीतर पास्टर हात लावत नाही.

माहं वैर सख्ख्या भावाशी, नत्थूभाऊशी. म्हणून मी कुहीले त्याच्या घरी गेली अन् येड्यावानी सगळंच सांगून बसली. "ऐतवारी सकाळी कन्हान नदीवर माहा बाप्तिस्मा आहे, भाऊ. राग सोड."

तो म्हणे, "छप्पन साली मायनं तुले कडेवर घेतलं, मले पायी चालवत नागपूरले नेलं अन् बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी आपण माणूस झालो. तुले आणखी काय व्हायचं आहे वं?"

समेट झाला नाही, पास्टरले मात्र झाला म्हणून सांगायचं ठरवून मी उठून आली.

ऐतवारी पास्टर कृष्णकांत कमरेइतक्या पाण्यात उभे होते. मी पांढरं लुगडं नेसून त्यांच्या बाजूले. काठावर मंडळी गाऊन राहिली होती. तेवढ्यात नत्थूभाऊ काठी घेऊन पाण्यात घुसला. पहिला फटका पास्टरच्या कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज आयकला मी, बापा! मंग काठी फेकून त्यानं त्यांची मान धरली अन् डोकं पाण्यात दाबलं.

"घे तुहा बाप्तिस्मा! घे!"

मंडळी नुसती "प्रभू, प्रभू" करत उभी. एकाचाही पाय हलंना. असा संताप आला मले त्यांचा! मी भावाचे केस ओढले, हाताले चावली. तो सोडेच ना. पाण्यावर बुडबुडे येऊन राहिले होते. ते थांबले, तसा मी पायाखालचा गोटा उचलला अन् त्याच्या कानशिलावर हाणला. पुन्हा हाणला.

तो कोलमडला. पाणी लाल झालं. पास्टर खोकत, ओकत वर आले. भाऊ बुडून राहिला होता, त्याले मीच काखेत धरून काठावर ओढलं. पदर फाडून डोकं बांधलं.

"मायले काय सांगू वं आता?" तो म्हणे, अन् लेकरासारखा रडाले लागला. माय जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. माहा सगळा राग तिथंच गळाला. मी त्याले कवटाळलं अन् दोघंही रडलो.

मंग पुन्हा पाण्यात उतरली. पास्टर तिथंच होते, मोडका हात छातीशी धरून.

"पास्टर, भावाबद्दल आता मनात काही नाही. एका हातानं बुडवा मले."

ते माह्याकडे पाहतच नव्हते. काठावरच्या नत्थूभाऊकडे पाहून राहिले होते.

"तुमचं वैर सुटलं, अंजनाबाई," ते म्हणाले. "माझं नाही सुटलं. तुम्ही त्याले बाहेर काहून काढलं, असं वाटून राहिलं मले."

अन् ते पाण्यातून निघून गेले. मी हाक मारली. त्यांनी मागं पाहिलं नाही.