राक्षस पडल्यावर

ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कुठली गोष्ट बसते आणि कुठली बसत नाही, ह्यापायी कोणी जीव टांगणीला लावावा का? पण इंद्रायणीचा लागला होता. सन दोन हजार सात, चैत्राचं ऊन, एस्टीची खिडकी उघडली तर झळा आणि लावली तर उकाडा, आणि मांडीवर मैत्रिणीकडून मागून आणलेला लॅपटॉप. सिल्लोड येईस्तोवर तिनं वहीची पाच पानं लिहिली आणि चार फाडली. शेजारची बाई शेवटी म्हणाली, पोरी, बस की जरा निवांत. इंदू बसली, आणि दोन मिनिटांनी पुन्हा वही काढली.

झालं होतं असं. पुण्याच्या गेम बनवणाऱ्या कंपनीत ती सहा महिने ट्रेनी होती. परदेशातल्या एका खेळणी कंपनीला आपल्याकडच्या पोरांसाठी ठोकळ्यांचा गेम हवा होता. म्हणजे माणसं ठोकळ्यांची, घरं ठोकळ्यांची, फोडली की विखुरणार, जोडली की उभी राहणार. त्यासाठी गाजलेली एखादी गोष्ट शोधायची होती. ट्रेनी दोन आणि पक्की जागा एक. सोमवारी दोघांनी आपापला नमुना दाखवायचा, ज्याचा सरांना पटेल तो राहणार. जो राहणार नाही त्यानं घरी जायचं. इंदूच्या बाबतीत घरी जायचं म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. घनसावंगीचं एक स्थळ होतं, मुलाच्या दोन जीप प्रवासी वाहतुकीला होत्या, आणि जयवंताबाई, म्हणजे इंदूची माय, दर फोनला त्या जीपांचा रंग सांगायची.

दुसऱ्या ट्रेनीनं एका पोलिसाच्या सिनेमांची मालिका धरली होती. गाड्या उडतात, दुकानं फुटतात, सगळं बराबर. फक्त त्याचे हक्क विकत घ्यायचे तर कंपनी विकावी लागली असती. इंदूनं टीव्हीवरच्या मालिका धुंडाळल्या. सासू-सुनेची आठशे भागांची मालिका घ्यावी तर तिच्यात बाया जिन्यावर उभ्या राहून एकमेकींकडं बघतात, फोडायचं काय डोंबल? भुताची घ्यावी तर भूत धुरासारखं, आणि ठोकळ्याचा धूर कसा करणार? हेराची घ्यावी तर तो खुर्चीत बसून नुसता विचार करतो. क्रिकेटमध्ये तर मोडायला तीनच दांड्या. सरांनी कसोटी सांगून ठेवली होती: माणूस लांबून नुसत्या डोक्याच्या आकारावरून ओळखू आला पाहिजे, बोलल्याशिवाय गोष्ट कळली पाहिजे, मोडलेलं पुन्हा बांधता आलं पाहिजे, आणि खलनायक पडला की हसू आलं पाहिजे.

आठवड्याच्या सुरुवातीला डबा खाता खाता तिला एकदम आपल्या वाडीची सोंगं आठवली, आणि घास हातातच राहिला.

धावड्याहून दोन कोसांवर त्यांची वाडी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी दिवस कलला की तिथं सोंगं निघतात. देवी, वाघ, मोर आणि राक्षस. कागदाच्या लगद्यात मेथी कुटून केलेले हातभर उंच मुखवटे. मुखवट्याला बोलता येत नाही, म्हणून सगळी गोष्ट अंगानंच सांगायची. तुरीच्या वाळक्या तुराट्यांचा किल्ला बांधायचा, वाघानं दार फोडायचं, मोरानं तट ओलांडायचा, देवीनं राक्षसाला पाडायचं. पुढच्या वर्षी किल्ला पुन्हा बांधायचा. सगळी कसोटी जशीच्या तशी उतरत होती. सरांनाही आवडलं, त्यातल्या त्यात फुकट आहे हे जास्तच. एवढंच म्हणाले की गोष्ट ज्यांच्या मालकीची त्यांच्या सह्या आणा, नंतर कटकट नको.

मालकी होती. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडं, बापाकडून पोराकडं आलेला. देवी साहेबरावांच्या घरची, वाघ पुंजारामाचा, मोर भुजंगचा. आणि राक्षस इंदूच्या बापाचा, कारभारीचा.

म्हणजे मागच्या वर्षापर्यंत. मागच्या आखाजीला देवीचा त्रिशूळ लागला, राक्षस पडला, आणि कारभारी खरोखरच पडला. अर्ध्या अंगावरून वारं गेलं. वाडीची रीत अशी की राक्षसानं आरती संपेपर्यंत मेल्यासारखं पडून राहायचं, मग उठायचं आणि नारळ फोडायचा. त्यामुळं आरती संपेस्तोवर कोणाला कळलंच नाही. जालन्याच्या डॉक्टरनं नंतर सांगितलं, अर्धा तास आधी आणलं असतं तर हात वाचला असता. तेव्हापासून तो बाजेवर होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं जड पण कळण्यासारखं होतं. पोरगा नाही, त्यामुळं यंदा राक्षस कोणी घ्यायचा ह्यावर गावात कुजबुज चालली होती, आणि ती त्याच्या कानावर येत होती.

शुक्रवारी दुपारी इंदू वाडीत पोचली आणि हातपाय न धुताच माणसं गोळा करायला निघाली. भारनियमन होतं, संध्याकाळपर्यंत वीज नाही, आणि लॅपटॉपची बॅटरी फार तर दीड तास. माय म्हणाली, चहा तरी घे. ती म्हणाली, परत आल्यावर.

तिघं मानकरी ओसरीवर आले, कारभारीच्या बाजेशेजारी टेकले. इंदूनं लॅपटॉप उघडून दाखवला. चार दिवसांत जमलं तेवढं केलं होतं: ठोकळ्यांचा किल्ला, ठोकळ्यांचा वाघ, मोर, देवी, राक्षस. पुंजारामानं चष्मा पुसून आपला वाघ बघितला आणि म्हातारा लेकरासारखा हरखला. शेपटी जराशी आखूड झाली म्हणाला, पण मिशा बराबर. भुजंगला मोर फार लहान वाटला. साहेबराव तर देवी पडद्यावर आल्याबरोबर हात जोडून बसले.

मग इंदूच्या तोंडून निघून गेलं की हे बटण दाबलं की आपण वाघाचा मोर होतो, मोराची देवी होतो, पाहिजे ते होता येतं. झालं. पुंजारामानं सावकाश विचारलं, म्हणजे भुजंगचं पोरगं माझा वाघ होईल? भुजंग म्हणाला, तुमचा वाघ आमच्या पोराला कशाला पाहिजे, तुम्हीच आमचा मोर सांभाळा. साहेबराव म्हणाले, देवी कोणी बी होतं का? तीन पिढ्या उपास धरलेत आमच्या घरानं. तिघांचं म्हणणं एकच निघालं: बटण काढ, ज्याचं सोंग त्यानंच खेळायचं.

बटण काढलं तर गेम राहत नाही, हे त्यांना कसं सांगावं? बॅटरी निम्म्यावर आली होती. इंदू उठली, ओसरीवर दोन चकरा मारल्या, पुन्हा बसली. मग म्हणाली, बघा, किल्ल्याचं दार फक्त वाघच फोडणार. देवीनं धक्के मारले, मोरानं चोची मारल्या, तरी दार हलणार नाही. प्रत्येकाला वाघाला बोलवावंच लागेल. तट फक्त मोर ओलांडणार. आणि राक्षस देवीबिगर कोणाला आटपणार नाही.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. पुंजारामानं दोनदा विचारून खात्री केली की देवीलासुद्धा दार फुटणार नाही ना. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मंग मान राह्यला, आण कागद. तिघांच्या सह्या झाल्या. इंदूचा जीव भांड्यात पडला. चौथी सही तर घरचीच होती. तिनं पेन बापाच्या डाव्या हातात दिलं.

कारभारीनं पेन धरलं आणि तसंच ठेवलं. म्हणाला, राक्षस कसा पडतो ते दाखव.

तिनं दाखवलं. त्रिशूळ लागला, राक्षसाचं डोकं एकीकडं, हात एकीकडं, ठोकळे टणाटण उड्या मारत गेले, आणि भोवतीची ठोकळ्यांची माणसं टाळ्या पिटायला लागली. तिघं मानकरी पोट धरून हसले. इंदूही हसली, ती उडी बसवायला तिची एक अख्खी दुपार गेली होती. कारभारी हसला नाही. त्यानं पेन बाजेवर टाकलं आणि सही करत न्हाई म्हणाला. तिघं उठले, घरचं घरात बघून घ्या म्हणत निघून गेले.

इंदूचं डोकं फिरलं. बाहेरच्यांनी दिली आणि सख्खा बाप अडवतो? ती बोलायला लागली ती थांबेना. सोमवार, पक्की जागा, घनसावंगीच्या जीपा, सगळं तिनं बापाला सुनावलं. वर हेही म्हणाली की तुमच्याच सोंगाचं नाव होणार आहे, तुम्हाला आता नाचता येत न्हाई म्हणून दुसऱ्यानं नाचवू बी नये का? माय चुलीपुढून म्हणाली, इंदे, जीभ आवर.

कारभारी तिचं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मुखवट्याच्या तोंडातून दिसतं बाहेरचं. पडल्यावर बी दिसतं."

तिनं लॅपटॉप मिटला.

"हात हलंना. आवाज निघंना. मी समद्यांकडं बघून राह्यलो होतो. तू समोरच होतीस, शेजारच्या झुंबरबाईच्या बाजूला. टाळ्या वाजवत होतीस."

वाजवल्या होत्या. तिला आठवत होतं, बाप यंदा काय झकास पडला असं ती झुंबरबाईला म्हणालीही होती. वर्षभरात बापानं हे एकदाही काढलं नव्हतं. दवाखान्यात तिनं त्याचे पाय चेपले, त्याला घास भरवले, आणि सगळा वेळ त्याला हे माहीत होतं. तिला तिथून पळून जावंसं वाटलं. पळणार कुठं, ओसरी चार हाताची. ती बाजेच्या कडेला बसली आणि रडली.

कारभारीनं तिला रडू दिलं. मग म्हणाला, "कर तुझा गेम. पण राक्षस पडला की कोणी तरी जवळ जाऊन बघंल, असं कर. तेवढं होतंय का?"

होतंय, ती म्हणाली. त्यानं डाव्या हातानं सही केली. चार अक्षरांना पाच मिनिटं लागली.

रविवारचा अख्खा दिवस इंदूनं पुण्यात खोलीचं दार लावून तेवढंच केलं. राक्षस पडतो, ठोकळे विखुरतात, टाळ्या होतात. पण किल्ल्याचं मागचं दार उघडत नाही. खेळणाऱ्यानं कोणालातरी राक्षसाजवळ नेऊन बसवायचं. थोडा वेळ काहीच होत नाही. मग एक ठोकळा हलतो, मग दुसरा, आणि राक्षस हळूहळू उठून बसतो. मगच दार उघडतं. तिनं ते वीस वेळा खेळून बघितलं. जेवण राहिलं, दोनदा दूध उतू गेलं, घरमालकीण ओरडली. तिला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

सोमवारी सरांनी स्वतः खेळून बघितलं. दार फुटलं, तट ओलांडला, राक्षस पडला तेव्हा ते खुर्चीत मागं रेलून हसले. मग पुढं जायला बघू लागले. दार उघडेना. त्यांनी वाघ आणला, मोर आणला, सगळी बटणं दाबून झाली.

"हँग झालं का हे?" त्यांनी विचारलं.

नाही सर, इंदू म्हणाली, जवळ जायचं असतं. तिनं हात पुढं करून देवीला राक्षसाजवळ नेऊन बसवलं. खोलीतले सगळे वाट बघू लागले. कोणीतरी मोबाइल काढला. राक्षस उठला, दार उघडलं. सर चांगले होते, त्यांनी नीट समजावून सांगितलं. पोरं एवढा वेळ थांबत नाहीत, त्यांना वाटेल गेम बिघडला. आणि दुष्ट माणसाजवळ कोणी कशाला जाईल? बाकी नमुना फर्स्ट क्लास आहे, दुसऱ्या ट्रेनीचा बघायचीसुद्धा गरज नाही. एवढा तुकडा आत्ता काढा, चारला परदेशी पाठवायचा आहे. काढलात की तुमचं पत्र टाइप करायला सांगतो.

इंदू जागेवर जाऊन बसली. नाही म्हणावं असं तिच्या ओठावर आलं होतं. ती उठली, पाणी प्यायली, जिन्यापर्यंत गेली, परत आली. साडेतीन वाजले. जो तुकडा करायला एक दिवस लागला होता तो काढायला चार मिनिटं लागली.

पत्र हातात पडल्यावर तिनं जिन्यात उभं राहून मायच्या मोबाइलवर फोन लावला. काय सांगायचं ते तिनं पाठ करून ठेवलं होतं: जातात अप्पा, सगळे जवळ जातात, सरांना तेच सगळ्यात आवडलं. फोन बापानंच घेतला.

"दाखवला का गेम?"

"दाखवला."

"जवळ जातंय का कोणी?"

"न्हाई अप्पा," ती म्हणाली. पाठ केलेलं कुठल्या कुठं गेलं. "ते काढलं. मीच काढलं."

मग त्यानं विचारलं, नोकरी लागली का? लागली म्हणाली. पक्की का? पक्की म्हणाली.

"मंग रडून काहून राह्यलीस? मी उठलोच होतो की शेवटी."

बाजेवरून त्याला उठवायला अजून दोन माणसं लागत होती. हो अप्पा, इंदू म्हणाली.