गोल बैठकीची सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे, आणि आयुष्यातली काही वर्षं मी उभ्यानं काढली आहेत. सतरंजीला गुंडाळून कोपऱ्यात उभं करणं म्हणजे तिला पेन्शनीत काढणं. पण उभ्यानं आजूबाजूचं सगळं चांगलं दिसतं, एवढं मात्र खरं.

माझा जन्म देवासचा. तिथल्या एका विणकरानं मला निळ्या-तांबड्या पट्ट्यांत विणलं आणि धारच्या एका लहानशा संस्थेनं मला आणलं. खेड्यातल्या बायकांना बकऱ्यांची दुखणीखुपणी ओळखायला आणि लस टोचायला ही संस्था शिकवी. शिकवायच्या सुभद्राताई. त्यांची एक रीत होती. संध्याकाळी सगळ्यांनी माझ्यावर गोल बसायचं आणि आज आपलं काय चुकलं, काय कळलं नाही, ते सांगायचं. पहिली पाळी ताईंची.

"आज मी नुसतीच बोलले," त्या म्हणत. "सुई तुमच्या हातात दिलीच नाही."

शिकवणारीच चुकते म्हटल्यावर बायकांची तोंडं उघडत. एकदा एकजण म्हणाली, "ताई, मी तर बकरी सोडून माझ्याच अंगठ्याला टोचलं!"

"छान. आता तुला बकऱ्यांचा रोग होणार नाही," ताई म्हणाल्या, आणि बायका हसून हसून माझ्यावर लोळल्या. उद्या काय शिकवायचं ते त्या गोलातच ठरे. पाहुणे म्हणत, "बैठक उत्तम आहे हो!" ती स्तुती मी माझीच धरून चाले.

मग पीयूष नावाचा नवा प्रमुख आला. मुलगा वाईट नव्हता, घाईत होता. त्यानं तीन दिवसांचं शिबिर एका दिवसात बसवलं. प्रोजेक्टर आला. प्रोजेक्टरला टेबल लागे, माणसांना खुर्च्या लागत. मला काहीच लागत नसे, म्हणून मला दाराआड उभं केलं.

"ताई, ही संध्याकाळची बैठक काढून टाकू," तो म्हणाला. "तेवढ्या टाइमात दोन विषय होऊन जातात."

"विषय होतील रे, बायकांचं काय होईल?" एवढं म्हणून ताई गप्प बसल्या.

बैठकीच्या जागी आता एक प्रश्न उरला. "समजलं ना सगळ्यांना?" आणि सगळ्या एका सुरात म्हणत, "हाव जी!" आमच्या माळव्यात चहानाश्ता देणाऱ्यानं विचारल्यावर 'नाही समजलं' म्हणणं म्हणजे यजमानाच्या पंगतीत बसून भाजी अळणी आहे म्हणणं. असं कोणी करत नाही.

अमझेऱ्याकडची दुर्गाही 'हाव जी' म्हणाली होती. त्या एका शिबिरानंतर गाव तिला डॉक्टरीणबाई म्हणू लागलं. तिला नावानं हाक मारणारे आजवर पुष्कळ होते, मानानं मारणारं कोणी नव्हतं.

काही महिन्यांनी ती संस्थेत आली.

"अरे, दुर्गाबाई! चहा घ्या," पीयूष म्हणाला.

"चहा नको भैया. माझं काय चुकलं ते सांगा. मी टोचल्या त्या बकऱ्या साथीत गेल्या. पहिली माझीच गेली."

ताईंनी हळूच विचारलं, "लस कुठं ठेवली होतीस ग?"

"माठाशेजारी, ओल्या फडक्यात. पडद्यावर लिहिलं होतं ना, थंड जागी ठेवा. आमच्या घरात त्याहून थंड जागा नाही, ताई."

लस खराब होऊ न देणारी बर्फाची पेटी तिनं फक्त चित्रात पाहिली होती. खरी पेटी संस्थेच्या कपाटात होती. घाईत ती कोणी बाहेर काढलीच नव्हती.

ताईंनी मला दाराआडून ओढून पसरलं आणि खाली बसल्या. "दुर्गा, बस. आधी माझी पाळी. पेटी तुझ्या हातात द्यायला हवी होती. बैठक मोडली तेव्हाच मी भांडायला हवं होतं."

"पण ताई, ती तर हो म्हणाली..." पीयूष म्हणू लागला. मग त्यानं बूट काढले आणि तोही माझ्यावर येऊन बसला. पहिल्यांदाच.

"मी पेटी घेऊन तुझ्या गावी येते," ताई म्हणाल्या. "पुन्हा शिकू आपण."

दुर्गा माझ्या काठच्या दोऱ्यांशी चाळा करत होती. "मी शिकीन हो. पण आता मला बघितलं की बायका बकऱ्या आत घेतात."



मित्रांनो, बैठक आता रोज होते आणि पहिली पाळी पीयूषची असते. पेटी हातोहात फिरते. दुर्गा मात्र पुन्हा आली नाही. माझं काय, मला अधूनमधून ऊन दाखवलंत, झटकलंत, तरी मी पुष्कळ टिकेन. पण तुम्ही मोठेपणी कोणाला काही शिकवाल, तेव्हा 'हो' ऐकून लगेच उठू नका. जरा बसा. आपलं काय राहिलं ते आधी सांगा, मग त्याला स्वतःच्या हातानं एकदा करून बघू द्या. तुमची चूक तुम्ही पुढच्या शिबिरात सुधारता. शिकणाऱ्याला मात्र त्याच गावात राहायचं असतं.