मुखपृष्ठावरचा हात

सहा वर्षांपूर्वी विभावरी देवस्थळीला कंट्री संगीताबद्दल काडीचीही माहिती नव्हती. पुण्यात डिझाइन शिकलेली ही बाई नवऱ्याच्या, श्रीनाथच्या, सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे कोलोनला आली, दोन वर्षं जर्मन भाषेशी झुंजली आणि शेवटी एका छोट्या प्रकाशनसंस्थेत पानं लावायच्या कामाला लागली. त्या संस्थेचं एक द्वैमासिक होतं, ‘साटेल उंड सायटे’, म्हणजे खोगीर आणि तार. अमेरिकन खेड्यांतली गाणी जर्मनीत गाणाऱ्यांचं आणि ऐकणाऱ्यांचं हे मासिक. वाचक म्हणजे ट्रक चालवणारे, निवृत्त शिक्षक, शनिवारी टोकदार बूट घालून नाचायला जाणारी जोडपी. त्यातल्या बहुतेकांनी टेक्सास नकाशातच पाहिलेलं. विभावरीला ही माणसं आवडायची. त्यांची पत्रं ती पानात मोठ्या अक्षरात लावायची.

या वर्षी मार्चमध्ये मासिक विकलं गेलं. घेणारी कंपनी म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमची, मोठी. तिच्याकडे अशी वीसएक मासिकं होती आणि त्यांची मुखपृष्ठं यापुढे एका संगणकप्रणालीकडून करून घ्यायचा तिचा विचार होता. त्यासाठी तिला प्रत्येक मासिकाची एक नियमपुस्तिका हवी होती: कुठलं अक्षरवळण, कुठले रंग, माणूस कुठे उभा, काय हातात. संपादक लिंडलार यांनी ते काम विभावरीला दिलं. तिच्याइतकी बारीक नजर ऑफिसात कुणाची नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंही होतं.

तिनं बावीस वर्षांचे एकशे बत्तीस अंक बैठकीच्या खोलीतल्या लांब टेबलावर आणि जमिनीवर पसरले आणि पट्टी घेऊन बसली. पहिले दोन दिवस मजेत गेले. नाव नेहमी जाड पायांच्या, लाकडी ठशासारख्या अक्षरांत. त्या अक्षरांवर मुद्दाम ओरखडे, जणू शंभर वर्षं वाऱ्यापावसात उभी असलेली पाटी. रंग चामड्याचा, गंजाचा आणि मावळतीचा. मागे फळ्यांची भिंत किंवा गवताळ माळ. तो माळ बहुतेक वेळा बर्लिनजवळच्या ब्रांडेनबुर्गचा असे. गिटार तिरकी, डावीकडून उजवीकडे चढत जाणारी, कारण नजर तिच्यावरून घसरत मुख्य मथळ्यापाशी पोचते. हे सगळं तिनं तक्त्यात भरलं.

तिसऱ्या दिवशी तिनं माणसं मोजायला घेतली आणि तिचा चेहरा उतरायला लागला. पुरुष खालून टिपलेले, दूर क्षितिजाकडे बघणारे. सत्तरीच्या गायकाची एकेक सुरकुती धार लावल्यासारखी स्पष्ट केलेली. त्याच्या कपाळावरून जणू आयुष्यभराचे रस्ते गेलेत. बाया वरून टिपलेल्या, थेट वाचकाकडे बघणाऱ्या, ओठ किंचित उघडे, एक बोट टोपीच्या काठाला. पुरुषांच्या हाताखाली गिटार कामाच्या अवजारासारखी. बायांच्या हातात कुणीतरी ‘जरा धरा हो’ म्हणून दिल्यासारखी. एकशे बत्तीसपैकी एकतीस मुखपृष्ठांवर बाई होती. त्या एकतीसपैकी नऊजणी चाळिशीच्या पुढच्या होत्या, पण ते नुसतं बघून कळत नव्हतं, आतला लेख वाचावा लागत होता.

हे तिला अगदीच नवं होतं असं नाही. सहा वर्षं ती हीच पानं लावत होती. पण दर दोन महिन्यांनी एक घास गिळणं वेगळं आणि एकशे बत्तीस घास एकाच ताटात वाढलेले बघणं वेगळं. तरी ती पट्टी घेऊन पुढे सरकली. आता तारांपासून बोटांचं अंतर मोजायचं होतं.

दोन मुखपृष्ठांवर ते अंतर मिलिमीटरपर्यंत सारखं आलं. तिनं तिसरं मोजलं. मग भिंग आणलं. अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक तीळ होता, तोच तीळ दुसऱ्या बाईच्या अंगठ्याशी, तिसरीच्याही. नऊपैकी सात बायांना एकच डावा हात होता. नितळ, लांब बोटांचा, पंचविशीतल्या कुठल्याशा मुलीचा हात. तो गिटारच्या मानेवर नुसता टेकलेला होता. त्या बोटांखाली कुठलाच सूर दाबलेला नव्हता.

जुन्या फाइली सर्व्हरवर होत्या. तिनं त्या उघडल्या. प्रत्येकीत चित्राचे थर एकावर एक रचलेले, आणि सगळ्यांत वरच्या थराचं नाव ‘हांट श्योन’. हात, सुंदर. तिनं तो थर बंद केला की खालून खरा हात दिसे: फुगलेल्या शिरांचा, डागांचा, वाकड्या सांध्यांचा. सहाव्या फाइलीत, हेडविग क्रेमर नावाच्या गायिकेच्या फोटोत, खालचा हात बघून विभावरी थांबली. अनामिका आणि मधलं बोट पेरापाशीच संपत होतं. करंगळीत पितळेची एक नळी घातलेली होती आणि ती नळी तारांवर टेकवून ही बाई वाजवत होती. छापलेल्या अंकात बोटं पूर्ण होती आणि नळी गायब.

ती तशीच उठून लिंडलारांकडे गेली. ते वाईट माणूस नव्हते. वाढदिवसाला स्वतः केक करून आणणारे, कुणी आजारी पडलं तर फुलं पाठवणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की तो प्रकार निवृत्त झालेल्या छायाचित्र-विभागप्रमुखांचा, सगळीच मासिकं असं करतात, आणि वाचकाला संध्याकाळी सोफ्यावर बसून कुणाचं दुखणं बघायचं नसतं. पुस्तिकेत ते ‘हातांची निगा’ अशा शब्दांत घ्यावं. मग त्यांनी तिला खिडकीवरच्या बशीतलं बिस्किट देऊ केलं. विभावरीला त्या बिस्किटाकडे बघवेना.

आपल्या टेबलाशी येऊन तिनं फाइलीचा इतिहास उघडला. त्या निवृत्त माणसाचं नाव तिथे नोंदलेलं तिला पुराव्यासाठी हवं होतं. हेडविग क्रेमरच्या हाताचा थर कुणी लावला, त्या रकान्यात दोन अक्षरं होती: वि. दे.

तिला आठवायला थोडा वेळ लागला, आणि मग सगळंच आठवलं. ती नुकतीच लागली होती, प्रोबेत्साइट चालू होता, म्हणजे नोकरी पक्की व्हायच्या आधीचे सहा महिने. विभागप्रमुख फाइल देऊन म्हणाले होते, हाताचं जरा बघा. तिनं कातडीचा रंग जुळवला, मनगटापाशी सांधा लपवला, तारांची सावली बोटांवर इतकी हुबेहूब पाडली की त्यांनी बाकीच्यांना बोलावून दाखवली. खालचा हात तिनं पाहिला असणारच. पाहिल्याशिवाय झाकता येत नाही. पण तो हात तिच्या लक्षात राहिला नव्हता, शाबासकी राहिली होती. त्या दिवशी घरी जाऊन तिनं श्रीनाथला कौतुकानं सांगितलंही होतं.

तीन दिवस तिला स्वतःच्या हातानं जेवावंसं वाटेना. ती काट्यानं खात राहिली. श्रीनाथनं समजूत घातली. सांगितलेलं काम केलंस, नवीन होतीस, कोण नाही म्हणतं, असं तो म्हणाला. त्याचं बरोबरही असेल. पण त्याच्या प्रत्येक वाक्याबरोबर तिची शिसारी वाढतच गेली, कारण ही सगळी वाक्यं तिनं आधीच स्वतःला म्हणून पाहिली होती.

चौथ्या दिवशी तिनं हेडविग क्रेमरला फोन केला आणि शनिवारी आयफेलच्या डोंगराळ भागातल्या त्यांच्या गावी गेली. रेल्वे, मग बस, मग चढ. बाई सदुसष्ट वर्षांच्या, उंच, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांनी कॉफी ठेवली. विभावरीनं प्रवासभर जुळवलेलं सगळं पहिल्या घोटाआधीच सांगून टाकलं: तो हात मी लावला.

हेडविगबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

“तर त्या तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं कुणीतरी म्हातारा असेल.”

मग त्यांनी आपली हकिकत सांगितली. एकोणिसाव्या वर्षी त्या बेकरीत कामाला होत्या. कणीक लाटायच्या यंत्रात बोटं गेली. गिटार तेव्हा नुकती कुठे यायला लागली होती. दोन वर्षं त्यांनी तिला हात लावला नाही. मग एका प्लंबरकडून पितळी नळीचा तुकडा आणला, करंगळीत घातला आणि नव्यानं सुरुवात केली. जर्मनीत कंट्री वाजवणाऱ्यांत त्यांचा आवाज डोळे मिटून ओळखता येई, तो त्या नळीमुळे. मुखपृष्ठ येणार म्हणून त्या आयुष्यात पहिल्यांदा ब्यूटी पार्लरमध्ये गेल्या होत्या, आणि फोटोग्राफरला त्यांनी स्वतः सांगितलं होतं की हात नीट येऊ दे.

अंक आल्यावर त्यांनी मासिकाला पत्र लिहिलं. उत्तर त्यांनी जपून ठेवलं होतं. त्यांनी ते कपाटातून काढून विभावरीसमोर ठेवलं. दोन ओळी होत्या. आमची मुखपृष्ठं या संगीतप्रकाराच्या रूढ दृश्यसंकेतांनुसार तयार केली जातात, आपल्या सहकार्याबद्दल आभार. खाली लिंडलारांची सही.

“पत्राचं काही नाही,” हेडविगबाई म्हणाल्या. “माझ्या बहिणीनं ते मुखपृष्ठ फ्रेम करून तिच्या घरी सोफ्याच्या वर भिंतीला लावलंय. मी हॉस्पिटलात होते तेव्हा बँडेज बांधलेला हा हात रात्रंदिवस धरून बसली होती ती. ती म्हणते, किती छान दिसतेस. मी दर नाताळला त्या हाताखाली बसून जेवते.”

विभावरी माफी मागायला लागली. हेडविगबाईंनी तिला मध्येच थांबवलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मूळ फोटो मिळाला तर पाठवा, आणि त्या पुस्तिकेत जे लिहायचं ते लिहा, माझं नाव घालून लिहा, एवढंच म्हणाल्या. निघताना विभावरीनं हात पुढे केला तेव्हा त्यांनी डावाच हात दिला, मुद्दाम.

पुस्तिकेचं चौथं प्रकरण विभावरीनं त्यानंतरच्या आठवड्यात लिहिलं. एका पानावर हेडविगबाईंचा खरा हात, समोरच्या पानावर छापलेला. सात मुखपृष्ठांची यादी, तारखांसकट. प्रत्येक थर कुणी लावला त्याची आद्याक्षरं, स्वतःचीही. खाली तिनं साध्या वाक्यांत लिहिलं की काम करून करून जे हात असे झाले, तेच हात या मासिकानं लपवले. लिंडलारांनी ते प्रकरण काढायला सांगितलं. तिनं काढलं नाही. पुस्तिका सरळ उंटरश्लाइसहाइमला पाठवून दिली आणि बोलावणं यायची वाट बघत बसली.

बोलावणं आलं, ते व्हिडिओ बैठकीचं. पलीकडे ब्रँड विभागाच्या प्रमुख, फ्राऊ आम्झेल, चाळिशीच्या, हसऱ्या, तयारी करून आलेल्या. त्यांनी पुस्तिका शब्दन् शब्द वाचली होती. अशी सखोल पुस्तिका वीस मासिकांत कुणाची नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्यातही प्रकरण चार त्यांना सर्वोत्तम वाटलं होतं. बावीस वर्षांत सात वेळा तोच हात. इतकं सातत्य कुणी ठरवूनही ठेवू शकलं नसतं. आता तो हात प्रणालीतच बसवायचा, म्हणजे प्रत्येक वेळी शोधावा लागणार नाही.

विभावरीला आधी वाटलं, आपल्या जर्मनमध्ये काही चुकलं.

“ते प्रकरण तक्रार आहे,” ती म्हणाली.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” फ्राऊ आम्झेल म्हणाल्या, “आणि म्हणूनच इतकं नेमकं झालंय.”

लिंडलार तिच्या शेजारी बसले होते. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो विभावरीला कानाशी ऐकू आला. त्या श्वासाला कॉफीचा वास होता. ती उठली, बैठक चालू असतानाच बाहेर गेली, आणि बाथरूममध्ये गरम पाण्याखाली हात लाल होईपर्यंत धुवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं लेखी राजीनामा दिला. पुस्तिकेवरून आपलं नाव काढावं आणि प्रकरण चार वगळावं, अशी मागणी केली. नाव त्यांनी त्याच दुपारी काढलं. प्रकरण मात्र संस्थेच्या मालकीचं आहे, असं कळवलं. हेडविगबाईंचा खरा हात असलेलं पान तेवढं वगळलं, कारण त्याची गरज नव्हती.

नोटिशीच्या काळात तिनं त्या फोटोग्राफरला शोधून काढलं. तो आता ड्युसेलडॉर्फमध्ये लग्नांचे फोटो काढत होता. त्यानं मूळ फोटोची परवानगी बिनबोभाट दिली आणि सही केलेली एक प्रतही पाठवली. विभावरीनं ती आयफेलला पोस्टानं पाठवली. आठवड्यानं हेडविगबाईंचा फोन आला. फोटो काही चांगला नाही, त्या म्हणाल्या, उजेड वरून पडलाय, मान कोंबडीसारखी दिसते. बहिणीला दाखवला, तिनं बघितला आणि परत पाकिटात घातला. भिंतीवर अजून तेच आहे. पुढे त्या हवेबद्दल बोलल्या आणि विभावरीला नवीन काम मिळालं का, ते विचारून फोन ठेवला.

नव्या प्रणालीचा पहिला अंक सप्टेंबरात आला. विभावरीला तो कोलोनच्या स्टेशनातल्या पुस्तकांच्या दुकानात दिसला. मुखपृष्ठावरची बाई कुणीच नव्हती. खाली बारीक अक्षरात ‘प्रतीकात्मक चित्र’ असं छापलं होतं. गंजाचा रंग, मावळतीचा उजेड, ओरखडे पडलेली अक्षरं, तिरकी गिटार. तिची नजर गिटारवरून घसरत बरोबर मथळ्यापाशी पोचली, तिनं लिहिलं होतं तशीच. शेजारी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी अंक उचलला, हातभर लांब धरून प्रेमानं बघितला आणि पैसे द्यायला गेले.

विभावरी जागची हलली नाही. मथळ्यातली शेवटची दोन अक्षरं एकमेकांना जरा जास्तच चिकटली होती, आणि ती केसभर सुटी करावीत म्हणून तिची बोटं शिवशिवत होती. हे लक्षात आल्यावर तिला स्वतःची इतकी किळस आली की ती अंक उलटा ठेवून तडक फलाटाकडे निघाली.