शेवटचा फोटो पहिल्याला जुळेना

तिला सगळे शिवणवाली म्हणायचे. सुई-दोऱ्याशी तिचा संबंध सदऱ्याचं तुटलेलं बटण लावण्यापुरता. पण ती फोटो शिवायची. खोलीच्या मधोमध स्टँडवर कॅमेरा उभा करायचा, तो थोडा थोडा फिरवत चहूबाजूंचे फोटो काढायचे, आणि मग ते एकमेकांना असे जोडायचे की बघणाऱ्याला वाटावं, आपण त्या खोलीत उभं राहून गर्रकन मान फिरवतोय. फोटो काढायचं काम नवऱ्याचं, जोडायचं तिचं. विकायची घरं, हॉटेलं, मोटारींची दुकानं असं काहीबाही चालू असायचं. शेजारी नव्याने राहायला आलेली एक बाई एकदा पँट आखूड करायला घेऊन आली, तेव्हा सासूने तिला दारातूनच सांगितलं, "अहो, आमची सून कापडं नाही शिवत, भिंती शिवते."

काम दिसायला सोपं, करायला किचकट. प्रत्येक फोटोची कड शेजारच्या फोटोवर थोडी चढलेली असते, आणि त्या चढलेल्या पट्टीत काही हललं की घोटाळा होतो. माणूस एका फोटोत उभा असतो आणि दुसऱ्यात निघून गेलेला असतो. मग जोडल्यावर अर्धाच माणूस हवेत तरंगत राहतो. एका हॉटेलच्या अंगणात कुत्र्याने ऐन वेळी मान वळवली, तर त्याला दोन डोकी आली. नवरा हसून हसून लोळला होता. तिने एक डोकं इतकं बेमालूम उडवलं की त्या चित्राची त्यांनी जाहिरातच केली, आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी ठेवून.

त्या हॉटेलवाल्याच्या जिवावरच त्यांची चूल पेटायची. त्याची हॉटेलं होती, गोदामं होती, आणि शहराच्या कडेला खोकी भरायचा एक कारखाना होता. त्या कारखान्याला एका दुपारी पुढच्या बाजूने आग लागली. आत पॅकिंग करणाऱ्या सात बायका गेल्या. मालकाचं म्हणणं, मागचं दार उघडंच होतं, पण धुरात बायका गोंधळल्या, एकमेकींवर पडल्या, आणि गुदमरल्या. विमा कंपनीला जागा आहे तशी, काहीही हलवायच्या आत, फोटोत हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासाचे लोक यायच्या आधी नवऱ्याला बोलावणं आलं.

तो परतला तो थेट मोरीत गेला. किती तरी वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. ती टॉवेल घेऊन गेली तर तो नखं घासत होता.

"जेवून घे," ती म्हणाली.

"भूक नाही. आणि हे बघ, त्या कामाचं फार बघत बसू नकोस. पटकन जोड आणि पाठवून दे."

असं तो कधी म्हणायचा नाही. उलट काम झालं की मागे उभा राहून, 'इथे बघ, तिथे बघ' करत डोकं उठवायचा. सात प्रेतं जिथून काढली तिथे उभं राहून आलेल्या माणसाला काय विचारायचं, म्हणून तिने त्याचं ताट झाकून ठेवलं.

पुढच्या दिवशी सकाळी मुलगी शाळेत गेल्यावर ती कामाला बसली. काळ्या भिंती, कोसळलेले पत्रे, वितळून खाली ओघळलेले प्लॅस्टिकचे ट्रे. काजळीवर काजळी जोडणं अवघड, कारण डोळ्याला धरायला काही सापडत नाही; पण ती मुरलेली होती. एकेक फोटो शेजारच्यात मिसळत गेला. फेरी पूर्ण व्हायला आली तेव्हा शेवटच्या फोटोची कड पहिल्याला भिडवायची राहिली, आणि तिथे घोडं अडलं.

जोडाच्या जागी नेमकं मागचं दार आलं होतं. दाराच्या चौकटीला चौकट अगदी बरोबर बसत होती, पण मधे काहीतरी धूसर, भुतासारखं दिसत होतं. स्टँडला धक्का लागला असेल, असं तिला वाटलं. तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले आणि मोठे केले.

पहिल्या फोटोत दाराच्या दोन्ही मुठींतून साखळी ओवलेली होती. साखळीला कुलूप होतं. आतल्या बाजूने.

शेवटच्या फोटोत मुठी मोकळ्या होत्या. साखळी जिथे टेकली होती तिथे काजळी बसली नव्हती. दाराच्या मूळ हिरव्या रंगाची वाकडी रेघ तेवढी उरली होती.

कितीदा पाहिलं तरी तेच. साखळी आपोआप गळून पडत नाही. नवरा कॅमेरा फिरवत होता तेवढ्यात कुणीतरी ती काढून नेली होती.

नवरा बाहेरच्या खोलीत लेन्स पुसत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मधे कुठे गेला होतास?"

त्याने वर पाहिलं नाही. "कुठे?"

"फोटो काढताना. शेवटचा काढायच्या आधी."

काच पुसतच तो म्हणाला, "मॅनेजरने बाहेर बोलावलं. पाणी प्या म्हणाला. मी पाणी प्यायलो. परत आलो तर एक माणूस पोतं घेऊन आतून बाहेर येत होता. पोतं वाजत होतं."

"आणि तुला कळलं."

"कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? त्या मॅनेजरला?" त्याचा आवाज चढला. "त्याच्याच पाण्याचा पेला माझ्या हातात होता! आपण खातो कुणाचं, विसरलीस? बोललो असतो तर त्या बायका उठून बसणार होत्या का?"

सासू आतून आली. तिला सगळं ऐकू गेलं होतं. या घरात भांडण लपवायला जागाच नव्हती. ती सुनेच्या बाजूची. एरवी मुलाचे कान उपटायला पुढे असायची. म्हणून शिवणवालीने आशेने तिच्याकडे पाहिलं.

"जुळव आणि मोकळी हो, पोरी," सासू म्हणाली. "आपल्याला एक लेकरू आहे. बड्यांच्या भांडणात लहानांची हाडं मोडतात."

दुपारी मॅनेजरचा फोन आला. आवाज अगदी घरच्यासारखा. "वहिनी, झालं का काम? कडा तेवढ्या छान बसवा हं. आणि जोडाला शेवटचा फोटो वर ठेवा, म्हणजे स्वच्छ दिसेल. भाऊ म्हणाले, तुमच्या हाताला तोड नाही."

"भाऊ म्हणाले?"

"मीच विचारलं तुमच्या मिस्टरांना, कुठला फोटो कुठे येतो ते."

तिने फोन ठेवला आणि संगणकासमोर बसली. शेवटचा फोटो वर घेतला. पहिल्याची कड त्याच्याखाली सरकवली. दोन्हींच्या काजळीची छटा सारखी केली, हिरवी रेघ होती तिथे काळा हात फिरवला. एवढंच. हाताला सवयच तशी होती. दालन पूर्ण फिरलं. मान कितीही वळवली तरी कुठे जोड नाही, कुठे ठिगळ नाही. मागचं दार मोकळं, नुसतं ढकललं की उघडेल असं. आजवरच्या कामात इतका साफ जोड तिच्याकडून क्वचितच झाला असेल. ती उठून मोरीत गेली आणि ओकली.

परत येऊन तिने ते जोडचित्र पुसून टाकलं. हात न लावलेले मूळ फोटो एका डिस्कवर घेतले, चपला घातल्या आणि चौकशी अधिकाऱ्याच्या कचेरीत स्वतः नेऊन दिले. नवऱ्याला तिने परत आल्यावर सांगितलं. त्या दिवसापासून दोघांत कामापुरतंही बोलणं उरलं नाही, कारण कामच उरलं नाही. हॉटेलवाल्याने पाठ फिरवली, आणि त्याच्याकडे बघून बाकीच्यांनीही.

चौकशीच्या दिवशी मालकाचा वकील तिच्याशी फार अदबीने बोलला. आधी तो अधिकाऱ्यांकडे वळला. "साहेब, ही बाईंचीच जाहिरात." त्याने दोन डोक्यांचा कुत्रा समोर ठेवला. लोक हसले.

"बाई, या कुत्र्याला खरंच दोन डोकी होती?"

"नाही."

"पण फोटोत आहेत."

"तो जोडलेला फोटो आहे. मी दिलेले फोटो जोडलेले नाहीत. जसे काढले तसे आहेत."

"तुमचं काम काय, एका वाक्यात सांगाल?"

तिला दुसरं काही सुचेना. "जोड दिसू नये असं करणं."

"म्हणजे आहे ते नाही दाखवणं, आणि नाही ते आहे. बरोबर ना?"

आग विझवणाऱ्यांपैकी एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "आम्ही बाजूची भिंत फोडून शिरलो. धुरात मी माणसं शोधत होतो, दारं नाही." आणि मागचं दार? ते साफसफाईत भंगारात गेलं, असं मॅनेजरने सांगितलं. शेवटच्या फोटोतली हिरवी रेघ वकिलाने नुसता ओरखडा म्हणून उडवून लावली. राहिली पहिल्या फोटोची गोष्ट. कारखान्याचं पुढचं दारही तसंच, त्याच मापाचं, आणि आग विझल्यावर राखणीसाठी त्याला आतून साखळी घातली होती, असं मॅनेजर म्हणाला. फोटो त्या दाराचा कशावरून नाही, असा वकिलाचा सवाल होता. ते सांगू शकणारा माणूस एकच होता.

नवरा उभा राहिला. त्याने दाढी केली होती. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"नक्की आठवत नाही," तो म्हणाला. "मी घाईत होतो. पुढच्या दाराचाही असेल."

अधिकाऱ्याने कागद मिटले. पुराव्याअभावी काही ठरवता येत नाही, असा निकाल झाला.

बाहेर पायऱ्यांवर ती कठड्याला धरून उभी होती, तेव्हा एक तरुण बाई जवळ आली. गेलेल्या सातजणींपैकी सगळ्यांत धाकटी होती, तिची ही थोरली बहीण.

"ताई, मला तो फोटो बघायचाय."

"बघून काय करणार?"

"दाखवा ना."

शिवणवालीने फोनवर तो काढून दिला. बहिणीने बोटांनी साखळी मोठी केली, आणखी मोठी केली, इतकी की नुसते काळे-करडे ठिपके उरले.

"तिने मला फोन केला होता आतून," ती म्हणाली. "म्हणाली, ताई, दार उघडत नाहीये. मी म्हटलं, अगं वेडे, उलटं ढकलत असशील, ओढून बघ. ओढ, ओढ, असंच सांगत होते मी तिला. मग फोन बंद झाला." तिने डोळे पुसले नाहीत. "सगळे म्हणतात ती घाबरली, तिला दारच उघडता आलं नाही. माझी आईसुद्धा म्हणते, पहिल्यापासून वेंधळीच होती. ती वेंधळी नव्हती ना हो?"

"नव्हती," शिवणवाली म्हणाली.

घरी आल्यावर ती नवऱ्यासमोर बसली. वाद घालायचं तिच्या अंगात त्राण नव्हतं. बहीण जे बोलली ते तिने फक्त जसंच्या तसं सांगितलं: ओढ, ओढ, म्हणत होते, हेसुद्धा. सासू कोपऱ्यात पालेभाजी निवडत होती. तिचे हात थांबले. नवरा आत गेला, तोंडावर पाणी मारलं, आणि बूट घालायला बसला.

"कुठे निघालास?" सासूने विचारलं.

"आलोच."

"अरे, आधी एक आणि आता दुसरं बोललास तर तुलाच आत टाकतील!"

"टाकू दे, आई."

प्रकरण पुन्हा उघडायला फार दिवस गेले. तेवढ्या काळात लेन्स विकल्या गेल्या, मुलीची शाळा बदलली, आणि नवरा ओळखपत्राचे फोटो काढायच्या एका दुकानात लागला. दोघं एका छताखाली होती. ती त्याला वाढायची, तो जेवायचा. तू मला माफ केलंस का, असं त्याने एकदाच विचारलं. तिने खरं ते सांगितलं, "अजून नाही." सासूने नंतर बरेच दिवस मुलाशी अबोला धरला, कशासाठी, खोटं बोलल्याबद्दल की खरं बोलायला गेल्याबद्दल, ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या चौकशीत तोच वकील होता, पण या वेळी त्याने अदब घरी ठेवली होती. पोत्याची, पाण्याच्या पेल्याची सगळी हकिगत ऐकून घेतली आणि मग तो फटकन म्हणाला, "तेव्हा आठवत नव्हतं, आता सगळं आठवतं! खोटं पहिल्यांदा बोललात की आज?"

शिवणवाली मागच्या बाकावर त्या थोरल्या बहिणीशेजारी बसली होती. बहिणीने तिचं मनगट घट्ट धरलं.

"पहिल्यांदा," नवरा म्हणाला.

"मोठ्याने बोला."

"पहिल्यांदा खोटं बोललो. माझ्या बायकोने खरे फोटो दिले होते. साखळी मागच्याच दाराला होती."

माल चोरीला जाऊ नये म्हणून दाराला कुलूप घालणाऱ्या मॅनेजरला शिक्षा झाली. पोतं नेणारा माणूस कधी सापडलाच नाही. मालकाला कुलपाची कल्पना नव्हती, असं ठरलं, आणि त्याची हॉटेलं चालू राहिली. खोट्या साक्षीबद्दल नवऱ्यालाही काही महिन्यांची कैद झाली. त्याला घेऊन जाताना शिवणवाली गाडीपर्यंत गेली. तो म्हणाला, "आईची औषधं संपत आलीत." ती म्हणाली, "आणते." मग गाडी निघाली, आणि ती औषधाच्या दुकानाकडे वळली.