लाल दोरी

"कबरींच्या कुंपणाला दरवर्षी पांढरा रंग द्यायचा. मारियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी. आणि धक्का सोडताना नाव सूर्याच्या चालीनं वळवायची, उलटी नाही."

सासूबाईंचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. माझ्या नवऱ्याच्या, गसच्या तर हाडातच आहे. जुनं इंजिन नावेच्या मागच्या फळीवरून सुटेना, तेव्हा पान्ह्याशी झटताना तो तेच पुटपुटत होता. सणाला पाच दिवस उरले होते.

"ते इंजिन नाही सुटत, तूच त्याला सोडत नाहीयेस," त्याचा चुलतभाऊ सिरिल धक्क्यावर पाय सोडून म्हणाला. "नवं खोकत नाही म्हणे. मग तुला करमणार कसं?"

"तू खोकतोस की दिवसभर," गस म्हणाला. "बर्नी, जरा गरम पाणी आण."

चहाला ठेवलेली किटली मी तशीच खाली नेली. गंजलेल्या स्क्रूंवर त्याने धार धरली, थोडा वेळ थांबला, मग पान्हा फिरवला. एकतीस वर्षांची पकड कुरकुरत सुटली. दोघांनी मिळून इंजिन वर काढलं. फळीवर पकडीखालचा रंग अजून पहिल्या दिवसासारखा हिरवा होता. बाकी सगळी नाव राखाडी पडलेली. गस त्या दोन हिरव्या चौकोनांकडे बघत राहिला. मग त्याने जुनं इंजिन शेडमध्ये नेऊन गोधडीवर आडवं ठेवलं आणि फडक्याने पुसलं.

माझा नवरा असा आहे. मासळीच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं बर्फाचं यंत्र चालतं ठेवलं; कारखाना बंद झाला त्या दिवशीही ते यंत्र पुसूनच घरी आला. बेटावरचं आमचं गाव सरकारने उठवलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता. घरं तराफ्यांवरून ओढून इकडे आणली, कबरी तिथेच राहिल्या. सासूबाईही हट्टाने तिथेच जाऊन निजल्या. त्यांना पोचवायला सगळा गाव नावांतून गेला. मी धक्क्यावर उभी राहून जपमाळ केली.

मी एकोणीस वर्षांची असताना माझा भाऊ डॉमिनिक बुडाला. त्याची नाव तशीच पुढे गेली होती. दोन मैलांवर खडकाला लागलेली सापडली तेव्हा इंजिन चालूच होतं आणि नावेत कोणी नव्हतं. त्यानंतर मी कधी नावेत पाऊल ठेवलं नाही.

गेल्या वर्षी बेटावरून परतताना गसचं इंजिन अर्ध्या वाटेत बंद पडलं. वर धुकं. पाच तास तो कुठे होता ते देवालाच ठाऊक. मी खिडकीशी बसून मण्यामागून मणी ओढत होते, आणि कितव्या तरी मण्याला बोलून गेले: मारिया माते, हा परत आला तर पुढच्या सणाआधी मी स्वतः त्याच्याबरोबर जाईन आणि कुंपण रंगवीन. तासाभरात सिरिलने त्याला ओढून आणलं.

नवस मी कोणाला सांगितला नाही. ह्या वसंतात इंजिन सुरूच होईना तेव्हा गसचं तोंड उतरलं. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. हे मी पाद्रीबाबांपाशीही कबूल केलेलं नाही.

नवं इंजिन फळीवर बसलं. गसने दोरी ओढली. इंजिन सुरू झालं नाही. पाचदा ओढली, दहादा ओढली. चोक, पेट्रोल, नळी, सगळं बघून झालं. त्याच्या बनियनवर घामाचा नकाशा उमटला.

"विनवणी करून बघ," सिरिल म्हणाला. "बाईसाहेब शहरातून आल्यात."

गस हसला नाही. खाली बसून म्हणाला, "आईला वाटेल मी विसरलो."

तेव्हा सिरिल उठून नावेत उतरला आणि इंजिनावर वाकला. "अरे, ह्याची लाल दोरी कुठे आहे?"

"कसली दोरी?"

"एक टोक ह्या खाचेत अडकवायचं, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन जागच्या जागी बंद. दोरी नसेल तर सुरूच होत नाही."

"खोक्यात नव्हती."

"मग मागवावी लागेल. आठवडा तरी जाईल. ह्या वर्षीचा सण गेला बघ."

खोक्यातल्या कागदांत एक लाल, गुंडाळलेली दोरी निघाली होती. मला ती बांधायची दोरी वाटली. मी काही फेकत नाही. पवित्र पाण्याची बाटली नावेत टांगायला म्हणून तिच्या गळ्याला तीच बांधली होती. ती बाटली माझ्या एप्रनच्या खिशात होती.

मी नुसती गप्प राहिले असते, तर ह्या वर्षीचं जाणं टळलं असतं. कोणी विचारलंही नव्हतं. मी खिशात हात घातला आणि दोरीचं ते टोक चाचपलं, आणि माझ्या मनात आलं, एवढीशीच वस्तू. डॉमिनिकच्या मनगटाला असती तर नाव त्याच्यासाठी थांबली असती.

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले.

सिरिलने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वहिनी, देवाचं पाणी आणि इंजिन एकाच दोरीत? दुकानदाराला सांगायला हवं."

गसने गाठ सोडली, टोक खाचेत अडकवलं. दुसऱ्याच ओढीला इंजिन सुरू झालं, इतक्या हळू आवाजात की त्याने खात्री करायला पंख्यामागचं पाणी पाहिलं. मग त्याने टोपी काढून डोकं पुसलं, आणि बराच वेळ पुसतच राहिला.

दुसऱ्या सकाळी तो रंगाचा डबा घेऊन निघाला तेव्हा मी दोन ब्रश घेऊन दाराशी उभी होते.

"दोन कशाला?"

"आईंकडे मीही येते. कबूल केलंय."

कधी, कोणाला, त्याने विचारलं नाही. धक्क्यावर पोचल्यावर त्याने मधल्या फळीवरचा जीवरक्षक कोट उचलला आणि माझ्यापुढे धरला. सिरिल नावेची दोरी धरून उभा होता. मी त्याचा हात धरून खाली उतरले.

बसण्याआधी मी लाल दोरी गसच्या मनगटाला अडकवली आणि दोनदा ओढून पाहिली. मग रंगाचा डबा पायांत धरून बसले. सिरिलने नाव सोडली, आणि गसने ती सावकाश, सूर्याच्या चालीनं वळवली.